केऑसच्या घरातले शब्द

मंगळवार, रात्री

भाचीला इंग्रजी शब्दांची यादी काही केल्या पाठ होईना. म्हणून आज यादी मिटली आणि ग्रीकांच्या सृष्टीची गोष्ट काढली. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास हेसिअड नावाच्या कवीने ती रचली. सगळ्यांत आधी केऑस. मग गाया, म्हणजे पृथ्वी. तिच्यापासून युरेनस, म्हणजे आकाश, आणि त्या दोघांची मुलं टायटन.

"मामा, केऑस म्हणजे गोंधळ ना?" आज तसाच अर्थ आहे. पण हेसिअडचा केऑस म्हणजे आ वासलेली पोकळी. त्यात गोंधळ नाही. तो आणला सातशे वर्षांनंतरच्या रोमन कवी ओव्हिडने. त्याच्याकडे केऑस म्हणजे थंड नि गरम, ओलं नि कोरडं एकमेकांशी झगडतंय असा ओबडधोबड गोळा. इंग्रजीने अर्थ ओव्हिडचा उचलला. मला मात्र हेसिअडचाच भावतो. नुसती जागा, आणि त्यानंतर सगळं.

१७व्या शतकात व्हॅन हेल्माँट या फ्लेमिश रसायनशास्त्रज्ञाला जळत्या कोळशातून निघणाऱ्या, भांड्यात कोंडून न राहणाऱ्या वायूसाठी शब्द हवा होता. त्याने केऑसवरूनच 'गॅस' केला. हे सांगत होतो तेव्हा आतून ताईचा आवाज आला, "अगं, गॅस बारीक कर!" भाची उठली ती हसतच.

गायाच्या नावाखाली तिने जिऑग्राफी, जिऑलॉजी, जिऑमेट्री असे तीन शब्द लिहिले. मग स्वतःच शेजारी मराठी मांडलं: भूगोल, भूगर्भशास्त्र, भूमिती. तिन्हीकडे 'भू'! हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. शब्दाला आईबाप, भावंडं मिळाली की तो डोक्यातून जात नाही, हे माझं मत आज आणखी पक्कं झालं.

मग ग्रहांकडे वळलो. गुरू म्हणजे रोमनांचा ज्युपिटर, शनी म्हणजे त्याचा बाप सॅटर्न. १७८१ मध्ये हर्शेलला शनीच्या पलीकडे ग्रह सापडला, तेव्हा बोडे या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने सुचवलं की इथे शनीचा बाप हवा, युरेनस. मुलगा, बाप, आजोबा ओळीने. (आपल्या ज्योतिषांनी मात्र शोधणाऱ्याचंच नाव ठेवलं, हर्षल.) पुढे क्लाप्रोथ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १७८९ मध्ये नव्या मूलद्रव्याला या ग्रहावरून युरेनियम म्हटलं आणि १७९५ मध्ये दुसऱ्याला टायटेनियम. त्या धातूचा गुणधर्म सांगणारं नाव सुचेना, म्हणून पृथ्वीच्या मुलांचं दिलं.

रसायनशास्त्राच्या पुस्तकातला आवर्तसारणीचा तक्ता उघडून भाची आता आणखी कोणकोण सापडतंय ते शोधतेय. प्रोमेथियम तिने आधीच हेरलंय. त्यामुळे उद्या प्रोमिथियस आणि त्याचा भाऊ एपिमिथियस. एक आधी विचार करणारा, दुसरा सगळं होऊन गेल्यावर. त्यांच्या मागोमाग प्रोलॉग आणि एपिलॉगही घेऊ.