तुम्ही विचारलंत म्हणून: डाव तपासायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

रविवारी कोथरूडला एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये बुद्धिबळाची स्पर्धा असली की फेरी चालू असेपर्यंत पालक जिन्यावर डबे घेऊन बसलेले असतात. मी शिकवते हे ठाऊक असल्यामुळे कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, मुलाचे डाव तपासायला कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? पैसे पडले तरी चालेल, पण सगळ्यात भारी सांगा." तिथे धड बोलणं होत नाही, म्हणून नीट लिहिते.

आधी एक घोळ निस्तरू. चाली शोधतं ते इंजिन. पट दाखवणारं, डाव साठवणारं, टिपा लिहू देणारं सॉफ्टवेअर वेगळं. 2000 साली इंजिन आणि सॉफ्टवेअर यांनी एकमेकांशी बोलायची यूसीआय नावाची ठरावीक पद्धत आली, त्यामुळे बहुतेक इंजिनं बहुतेक सॉफ्टवेअरना जोडता येतात. आणि सगळ्यात ताकदवान इंजिनांपैकी एक, स्टॉकफिश, चकटफू आहे. 2008 पासून जगभरातले लोक मिळून ते घडवतायत, त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. तुमच्या खिशातल्या मोबाइलवरही ते कुठल्याही ग्रँडमास्टरला हरवेल. तेव्हा इंजिनासाठी पैसे मोजू नका, आणि त्यासाठी नवा लॅपटॉप तर मुळीच नको.

मग निवडायचं कशावरून? मी एकच बघते: मुलाला आपला विचार चालीशेजारी लिहिता येतो का, आणि तो लिहून होईपर्यंत इंजिन बंद ठेवता येतं का. हे मला एका डावावरून पटलं.

माझ्याकडे येणारी अकरा वर्षांची एक मुलगी हत्तीच्या अंतिम पर्वात हरली. दोघांकडे एकेक हत्ती, समोरच्याकडे राजापुढचं एक प्यादं जास्त. घरी वडिलांनी डाव इंजिनात घातला. 61व्या चालीवर लाल खूण आली, ब्लंडर, म्हणजे घोडचूक. त्यांनी मला फोन केला, "ताई, बरोबरीतला डाव हिने एका चालीत घालवला." मुलगी शेजारी रडत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी स्कोअरशीट समोर ठेवून डाव पुन्हा मांडला, इंजिनाशिवाय. चूक 61व्या चालीवर नव्हतीच. 58व्या चालीपर्यंत तिचा हत्ती तिच्या बाजूने तिसऱ्या रांगेवर होता, जिथे तो हवाच. फिलिडोर या फ्रेंच खेळाडूने अठराव्या शतकात दाखवलेला हा बचाव: आपला राजा प्याद्याच्या वाटेत, हत्ती तिसऱ्या रांगेवर, म्हणजे समोरच्या राजाला पुढे घुसता येत नाही. प्यादं त्या रांगेवर आलं की हत्ती पार दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. त्याच्या राजाला आडोसाच उरत नाही. तिने मात्र 58व्या चालीला हत्ती घरच्या रांगेत आणून बसवला. इंजिनाने तिथे 0.00, म्हणजे बरोबरी, दाखवलं, कारण काटेकोर खेळलं असतं तर डाव अजूनही वाचत होता. आकडा खोटा नव्हता. पण तिला कुठे शिकवायला हवं होतं, ते त्या आकड्यात नव्हतं. लाल खुणेच्या तीन चाली आधी ती घाबरली होती, आणि ते फक्त तिलाच ठाऊक होतं.

म्हणून बहुतेकांना मी लिचेस ही वेबसाइट सांगते. संपूर्ण मोफत, जाहिरातीही नाहीत. त्यातल्या स्टडीमध्ये, म्हणजे डावांच्या वहीत, प्रत्येक डावाचं एक प्रकरण करा, मुलाला चालीचालीखाली मराठीत लिहू द्या, स्टॉकफिशचं बटण बंद ठेवा. लिहून झालं की चालू करा, आणि एक नाही, सगळ्यात चांगल्या तीन चाली, प्रत्येक वेगळ्या ओळीत, दाखवायला सांगा. दुसरी चाल पहिलीच्या जवळपास आहे की तिथे एकच चाल होती, हे कळतं. पटावर राजे धरून सात किंवा कमी मोहरी उरली की टेबलबेस, म्हणजे आधीच सोडवून ठेवलेल्या स्थितींचा साठा, अचूक निकाल सांगतो. नेट नसेल तर लुकास चेस किंवा स्किड लॅपटॉपवर टाका, दोन्ही फुकट.

चेसबेस या विकतच्या सॉफ्टवेअरचं काय, हे विचारणारे राष्ट्रीय स्पर्धेतल्या मुलांचे पालक असतात. त्यांना मी घ्या म्हणते. प्रतिस्पर्ध्याचे जुने डाव काढणं, त्याची ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात, तपासणं, हे काम तिथे सोपं होतं, आणि त्यांच्या मोठ्या डेटाबेसात एक कोटीहून जास्त डाव आहेत. पण रेटिंग नुकतंच लागलेल्या मुलाला त्याचा उपयोग नाही. ते पैसे स्पर्धांच्या प्रवेश फीला ठेवा.

त्या मुलीच्या स्टडीत 58व्या चालीखाली तिने लिहिलंय, "त्याचा राजा जवळ आला, मला माझ्या राजाजवळ हत्ती हवासा वाटला." त्यानंतरचे दोन आठवडे आम्ही दोघी फक्त तेवढीच जागा खेळलो, कधी ती बचावाला, कधी मी.