रंग खरवडायच्या आधी थोडं थांबा

मागच्या हिवाळ्यात इथे पेनसिल्व्हेनियात एका घरगुती सेलमधून ॲटवॉटर केंट कंपनीचा मॉडेल 40 रेडिओ घरी आणला, 1928 चा. लाकडी नाही, पत्र्याचा डबा, वरचं झाकण अख्खं उचलून बाजूला ठेवता येतं आणि झाकणावर मधोमध सोनेरी जहाज. उचलताना कंबर धरते, कारण आत ट्रान्सफॉर्मर वगैरे सगळं डांबरात ओतून बसवलंय. हा रेडिओ फिलाडेल्फियातच बनलेला, विसाहिकन अव्हेन्यूवर कारखाना होता, तो 1936 ला बंद पडला. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांत हा डबा आपल्या गावापासून फार लांब गेलेलाच नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता मुद्दा रंगाचा. या डब्याचा तपकिरी रंग गुळगुळीत नसतो, बारीक खडबडीत नक्षी असते, बोट फिरवलं की कळतं. त्या काळी असे फिनिश टंग ऑइलच्या (टंग झाडाच्या बियांच्या तेलाच्या) व्हार्निशवर करायचे. भट्टीत वरचा थर आधी सुकतो, हवेतला ऑक्सिजन घेऊन पसरतो, खालचा अजून ओलाच असतो, मग वरच्याला जागा पुरत नाही आणि तो चुण्या घालतो. दूध थंड होताना साय कशी आक्रसते, डोळ्यासमोर तेच आणा. पत्र्यावरचे बारीकसारीक पोचे आणि ओरखडे अशा रंगात लपून जायचे, हा त्याचा मोठा फायदा.

आणि लोक काय करतात, तर हा रंग रिमूव्हर लावून खरवडून काढतात आणि बाजारातला रिंकल स्प्रे, म्हणजे सुकताना चुण्या पडणारा रंग, मारतात. मीही केलंय हे, माझ्या पहिल्या पत्र्याच्या रेडिओवर. तीन जाड कोट, एक आडवा, एक उभा, एक तिरका, मधे पाच-पाच मिनिटं, मग हीट गनची गरम हवा. चुण्या मस्त आल्या पण भलत्याच मोठ्या, मूळच्या नक्षीशी काही संबंधच नाही, आणि मूळचा रंग तर कचऱ्यात गेला होता. तो रेडिओ अजून शेल्फवर आहे, बघितला की वाईट वाटतं.

म्हणून यावेळी ठरवलं, आधी फक्त साफ करायचं. मऊ ब्रश आणि व्हॅक्यूमने कोरडी धूळ काढली, मग कोमट पाण्यात दोन थेंब भांड्यांचा साबण, कापसाचा बोळा घट्ट पिळून, आधी मागच्या बाजूला कोपऱ्यात ट्राय करून. कापसावर धुळीचा काळा आला तर चालेल, रंगाचा तपकिरी आला की लगेच थांबायचं. खाचांमधली घाण निघायला लहान मुलांचा मऊ टूथब्रश लागतो, रुपयाएवढ्या जागेत काम करायचं, लगेच पुसून कोरडं करायचं, कारण टवके उडालेल्या जागी पाणी रंगाखाली शिरलं की आतून गंज धरतो. सिगारेटच्या धुराचा पिवळा थर इतका निघाला की पाणी सात-आठ वेळा बदललं! सोनेरी जहाजाला मात्र मी साबण लावलाच नाही, सोनेरी मुलामा फार पातळ असतो, तिथे नुसता कोरडा ब्रश.

कडांना गंज होता. तिथे पॉलिश पेपर कोरडा घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं, मास्क घाला आणि ओलं करूनच काम करा. मी बांबूच्या काडीने सुटा गंज काढला आणि फक्त उघड्या पत्र्यावर टॅनिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे उरलेल्या गंजाचा पक्का थर करणारं द्रावण, बारीक ब्रशने लावलं. ते सुकलं की काळं होतं, तपकिरीच्या शेजारी फार खुपत नाही. मग टवक्यांवर ॲक्रिलिक रंग, ब्रशने ओढायचा नाही, स्पंजच्या तुकड्याने टिपायचा, म्हणजे थोडी खडबड येते.

रंग कुठला जुळवायचा हा खरा प्रश्न, कारण उघडा भाग उन्हाने फिका झालेला असतो. झाकणावर एका ठिकाणी एक ठसा होता, तिथला तपकिरी अजून गडद. हे रेडिओ विकले जायचे तेव्हा स्पीकर वेगळा असायचा, गोल, तो बरेच लोक डब्यावरच ठेवायचे, त्याच्याच पायाचा ठसा असणार. त्याच्याखाली इतकी वर्षं ऊन पोचलंच नाही, म्हणजे 1928 चा रंग जवळपास तसाच तिथे होता. मी नमुना तिथून घेतला, आणि भरलेले टवके त्याहून किंचित फिके ठेवले, आजूबाजूच्या रंगात मिसळावेत म्हणून.

शेवटी वॅक्स. पांढरं वॅक्स अजिबात नको, खाचांमध्ये सुकून पांढऱ्या रेघा उठतात आणि मग निघता निघत नाहीत. तपकिरी फर्निचर वॅक्स अगदी थोडं घेऊन ब्रशने, मग कोरड्या ब्रशने झटकून. रंगाला जी खोली आली ना, मी अर्धा तास नुसता बघत बसलो.

आतलं काम अजून बाकी आहे, कपॅसिटर (वीज साठवणारे आतले भाग) तपासल्याशिवाय याला वीज द्यायची नाही. ठसा मी घासला नाही, रंगानेही झाकला नाही. त्या काळातला गोल स्पीकर शोधतोय, मिळाला की बरोबर त्याच जागी ठेवणार.