रोज भाकरी कशी जमते, असं तुम्ही विचारलंत म्हणून

ओळखीतलं कुणी जेवायला आलं की ताटातल्या ज्वारीच्या भाकरीकडे बघून हमखास विचारतं, "तुम्ही रोज भाकरी करता? आणि इतकी पातळ कशी येते, आमची तर तव्यावर टाकतानाच तुटते." सोसायटीतल्या मैत्रिणी विचारतात, ऑफिसमधल्या मुली विचारतात, बंगळुरूला असलेली माझी भाची तर व्हिडिओ कॉल लावून तुटलेली भाकरी कॅमेऱ्यासमोर धरते आणि म्हणते मावशी बघ ना, हे काय झालं परत. दरवेळी उभ्या उभ्या काहीतरी सांगितलं जातं आणि अर्धं राहून जातं, म्हणून आज एकदा सगळं लिहिते.

तुम्ही सगळे हाताबद्दल विचारता, थापायचं कसं, फिरवायची कशी, आणि मला मात्र आधी पिठाबद्दल बोलायचंय. दळून किती दिवस झाले? हा प्रश्न मी उलट विचारला की बहुतेक जण गप्प होतात, कारण पीठ दुकानातून पाकिटात आलेलं असतं, किंवा महिन्याभराच्या गव्हाबरोबर पाच किलो ज्वारीपण दळून डबा भरून ठेवलेला असतो. गव्हाला ते चालतं, ज्वारीला नाही चालत. ज्वारीत ग्लुटेन नसतं, गव्हाची कणीक कशी ताणली तरी सुटत नाही तसं धरून ठेवणारं तिच्यात काही नाहीच, जो काही चिकटपणा येतो तो पिठातल्या स्टार्चला गरम पाणी लागून, आणि पीठ जसजसं जुनं होतं तसतशी त्याची विरी, म्हणजे धरून ठेवायची ताकद, जाते. मग तुम्ही कितीही मळा, कडा फाटतात, उचलली की मधूनच दुमडते, आणि बायका स्वतःच्या हाताला दोष देत बसतात. माझी आई असं कुणी म्हणालं की लगेच म्हणायची, "पीठ शिळं हाय बाई, तुझ्या हाताला काय बी झालं नाही." मला हे फार पटतं. भाकरी येत नाही म्हणून स्वतःला नावं ठेवणाऱ्या इतक्या जणी बघितल्यात मी, आणि त्यातल्या निम्म्या जणींना फक्त ताजं पीठ हातात मिळायची गरज होती.

त्यामुळे माझी रोजच्या भाकरीची सवय म्हणजे खरं तर गिरणीची सवय आहे. एका वेळी दोन किलोच्या वर दळत नाही, आठ-दहा दिवसांत संपलं पाहिजे. गिरणीत जाऊन पहिलं वाक्य ठरलेलं, "दादा, ज्वारीवरच टाका." म्हणजे आधी गहू किंवा हरभरा दळला असेल तर त्याचं पीठ आत राहिलेलं असतं ते आपल्यात यायला नको, आणि बारीक हवं, हाताला कणी लागायला नको. घरी आणलं की डब्याचं झाकण लावत नाही, गरम पीठ तसंच बंद केलं की आत घाम धरतं, ताटात पसरून गार होऊ देते मग भरते. उन्हाळ्यात थोडं फ्रीजमध्ये ठेवते. एवढंच. घरगुती चक्की असेल तर प्रश्नच मिटला, लागेल तसं वाटी-दोन वाटी दळून घ्या.

आता ज्वारी कुठली. माझं माहेर मंगळवेढ्याजवळ, सोलापूर जिल्हा, त्यामुळे मी याबाबतीत एकतर्फी बोलणार हे धरून चाला. ज्यांनी दुष्काळात सरकारी कोठार लोकांसाठी खुलं केलं असं सांगतात त्या संत दामाजींचं हे गाव, आणि ज्वारीचं कोठार म्हणून आजही तेच नाव घेतात, तिथल्या ज्वारीला जीआय, म्हणजे त्या भागाची खास ओळख सांगणारं, मानांकनपण मिळालंय. काळी भारी जमीन, खोलच्या खोल, सोलापूर जिल्ह्यात वर्षाचा पाऊस सरासरी 550 मिलीमीटरच्या आसपास, आणि त्यातला सगळ्यात जास्त सप्टेंबरमधला. पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची आणि मग तिला बहुतेक वेळा पाणी म्हणून दिसत नाही, जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीवर ती उभी राहते, चार महिन्यांत तयार. कणसं भरताना वर पाऊस नसतो म्हणून दाणा काळा पडत नाही, मोत्यासारखा पांढरा राहतो. खरिपाची हायब्रीड ज्वारी स्वस्त मिळते पण ती भाकरी मला खरखरीत लागते, गोडी नाही. पुण्यात दुकानदाराला नुसतं ज्वारी म्हणू नका, मालदांडी मागा, ही आमच्याकडची रब्बीची जुनी ज्वारी. तिचंच निवडून काढलेलं वाण म्हणजे एम 35-1, आमच्याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर 1930च्या दशकात आलेलं, आणि एवढी नवी वाणं येऊन गेली तरी शेतकरी अजून तेच धरून आहेत, कारण भाकरीही चांगली आणि जनावरांना कडबाही उंच मिळतो.

लहानपणी मार्चात खळं झालं की वर्षाची ज्वारी घरात यायची, उन्हात कडकडीत वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून पोत्यात. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला सगळी भावकी शेतात, उभ्या ज्वारीत कोपीच्या आडोशाला पूजा, भज्जी, उंडे आणि मडक्यात आंबील. ती आंबीलही ज्वारीच्या पिठाचीच, ताकातली, लसूण घातलेली. ती चव मला पुण्यात कशानंच आली नाही, मी करते दरवर्षी, बरी होते, पण तशी नाही.

पाण्याचं सांगायचं राहिलं. पुष्कळ जणी कोमट पाण्यात मळतात आणि पीठ अगदी ताजं असेल तर गार पाण्यातही भाकरी होते, पण आमच्याकडे पाणी उकळतंच लागतं आणि ती सवय 1972च्या दुष्काळातली आहे. आईचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. घरची ज्वारी संपलेली, पेरलेली उगवली नाही, सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो, म्हणजे तिकडची लाल ज्वारी. आई सांगायची की त्या पिठाला विरी म्हणून नव्हतीच, भाकरीचा उंडा, म्हणजे मळलेला गोळा, हातात धरला की भुगा व्हायचा, आणि घरात खाणारी माणसं अकरा. मग आजीनं पाणी खळखळ उकळायला ठेवलं, पिठात ओतलं, वर परात पालथी घालून वाफ मुरू दिली आणि मग मळलं, तेव्हा कुठे भाकरी एकसंध तव्यावर पडली. लाल, कडक, पण भाकरी. पुढं चांगले दिवस आले, घरची मालदांडी परत घरात आली तरी आई पाणी उकळल्याशिवाय पिठाला हात लावायची नाही. मीही नाही लावत. माझी मुलगी विचारते एवढं ताजं पीठ असताना कशाला उकळतेस, गॅस जातो, मी तिला हे सगळं सांगितलंय आणि आता तीही उकळते.

तर प्रत्यक्ष करायचं असं. एका भाकरीला वाटीभर पीठ, पाऊण वाटीच्या आसपास उकळतं पाणी आणि चिमूटभर मीठ, मीठ आवडत असेल तर, आमच्या गावाकडे घालत नाहीत. पीठ परातीत घेऊन मधे आळं करायचं, पाणी ओतायचं, उलथन्यानं कालवायचं आणि पाच मिनिटं झाकायचं. मग तळहाताच्या खालच्या भागानं, म्हणजे मनगटाजवळच्या, जोर लावून रगडायचं, बोटांनी चिवडत बसायचं नाही. मधेमधे गार पाण्याचा हात. हे मळणं महत्त्वाचं, यात कंजुषी नको, दोन मिनिटं जास्त लागली तरी चालतील पण उंड्यावर एक भेग दिसता कामा नये. आणि सगळ्या भाकऱ्यांचं पीठ एकदम मळून ठेवू नका, ते सुटत जातं. वाफवलेलं पीठ झाकून ठेवा आणि एका भाकरीपुरतं घेऊन मळा, ती तव्यावर भाजतेय तोवर पुढची मळा.

थापायला परातीत खाली भुरभुर कोरडं पीठ, उंडा चपटा करून उजव्या हातानं थापायचं आणि डाव्या हातानं कडेला आधार द्यायचा, थापता थापता ती आपली आपण फिरते, फिरत नसेल तर खाली पीठ कमी पडलंय. नवीन असाल तर लहान करा, तळव्याएवढी. मोठी भाकरी हा काही मान नाही. तवा मात्र चांगला तापलेला हवा, माझा लोखंडी आहे, आईनं दिलेला. पिठाची बाजू वर येईल अशी टाकायची आणि लगेच पाण्याचा हात सगळीकडून फिरवायचा, कडेपर्यंत, कोरडं पीठ राहिलं तर तिथे तडे जातात. ते पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटायची, हे नेमकं चुकतं लोकांचं, पार वाळेपर्यंत थांबतात. दुसरी बाजू निवांत भाजू द्यायची, मग तवा बाजूला करून पहिली बाजू थेट आचेवर. आतल्या वाफेनं पापुद्रा सुटतो आणि भाकरी टम्म फुगते. गावी चुलीपुढं आर, म्हणजे निखारे, ओढून त्याला टेकवून उभी करायची, ती चव गॅसवर येत नाही हे खरंय पण म्हणून गॅसवरची भाकरी सोडून द्यायची असं थोडंच आहे.

वेळेचं विचारता म्हणून सांगते, माझ्याकडे संध्याकाळी चार भाकऱ्या लागतात आणि पाणी ठेवल्यापासून शेवटची दुरडीत पडेपर्यंत अर्ध्या तासाच्या आत होतं, तेवढ्यात दुसऱ्या शेगडीवर आमटीला उकळी येते. पोळ्यांना मावशी येतात, भाकरीला मी कुणाला हात लावू देत नाही. दिवसभर ऑफिसात स्क्रीनपुढे बसून आल्यावर त्या गरम पिठात हात घातला की मला बरं वाटतं, डोकं शांत होतं, अगदी मनापासून सांगते, मला ते काम वाटत नाही. थंडीत बाजरी, तीळ लावून. बाजरी तर आणखीनच कमी दळायची, तिच्यात तेल जास्त असतं, चार-पाच दिवसांत कडू व्हायला लागते.

उरलेली भाकरी टाकू नका हो. सकाळी दह्यात किंवा ताकात कुस्करून वर शेंगाचटणी आणि कच्चा कांदा, नाहीतर कांदा-मिरचीच्या फोडणीवर कुस्करा. आमच्या सोलापुरात तर मुद्दाम कडक भाकऱ्या करतात, पातळ थापून मंद आचेवर पार वाळवलेल्या, महिने-दोन महिने टिकतात, आता बायकांचे बचत गट त्या पाकिटात घालून विकतात. परदेशी मुलांकडे जाताना कितीतरी जण बॅगेत घेऊन जातात.

भाचीचं काय झालं तेही सांगते, कारण तिच्यासारख्या बऱ्याच जणी बाहेरगावी आहेत. बंगळुरूत ती मॉलमधलं पाकीट आणत होती. मी म्हटलं अगं तुझ्या आसपास विजापूर-गुलबर्ग्याकडची माणसं बघ, ती जोळद रोट्टी म्हणतात, पण करतात आपल्यासारखीच, उकळतं पाणी आणि हातावर थापून, त्यांची ज्वारीही आपल्यासारखीच रब्बीची. तिच्या घराजवळ उत्तर कर्नाटकातल्या एका बाईंची लहानशी खानावळ निघाली, त्यांनी त्यांची गिरणी दाखवली, आणि त्या आठवड्यात फोनवर मला आख्खी भाकरी दिसली, कडेला थोडी जाड होती, मी म्हटलं उद्या पाण्याचा हात जरा कडेपर्यंत ने.