पहिल्या संध्याकाळचं जैन ताट

मुंबई-गोवा जहाजावर मी रेस्टॉरंट सुपरवायझर आहे. पहिल्या दिवशी बॅलार्ड पिअरला दुपारपासून माणसं चढतात आणि थेट वरच्या बुफेवर येतात, हे कुणीही सांगेल. बाहेरच्यांना माहीत नसतं ते असं, की जहाज सुटण्याआधी सुरक्षेची कवायत होते, सात आखूड भोंगे आणि एक लांब, आणि तेव्हा माझे निम्मे वेटर लाइफ जॅकेट घालून जिन्यांवर माणसं हाकत असतात. टेबलं लावायची घाई नेमकी त्याच वेळी. हे वेळापत्रक आखणाऱ्याने आयुष्यात एक टेबल लावलेलं नसणार.

डिसेंबरातली फेरी होती. यादीत सांगलीकडचं एक वयस्कर जोडपं, नावापुढे शेरा: 'जैन, सूर्यास्ताआधी.' जैन जेवण आमच्याकडे नेहमीचंच, पण ते मिळतं साडेसहाला, रेस्टॉरंट उघडल्यावर. डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. बुकिंग घेताना शेरा लिहिला, घड्याळ कुणी पाहिलं नाही.

म्हणून दोन ताटं साडेपाचला तयार ठेवायची असं मी ठरवलं. जहाज सुटणार पाचला, अर्धा तास वर उभं राहून बघतील, मग खाली येऊन जेवतील. शेफ म्हणाला, "दोन माणसांसाठी?" मी म्हटलं, हो, दोन माणसांसाठी.

त्या ताटांबद्दल थोडं सांगतोच. आमच्या किचनमध्ये आगीच्या भीतीने गॅसची ज्योत नसते, सगळं विजेवर. भाकरी जाळावर टाकून फुगवायची सोयच नाही. सोलापूरकडचा एक पोरगा आहे, तो सपाट गरम पत्र्यावर ज्वारीची भाकरी टाकतो आणि फडक्याने कडेकडेने दाबत नेतो. पापुद्रा असा सुटतो की बघत राहावं. बटाट्याच्या जागी कच्ची केळी, आल्याच्या जागी सुंठ, कांदा-लसूण नाही म्हणून रश्शाला दाण्याचं कूट आणि हिंग. भांडी वेगळी, पळी वेगळी. खिडकीचं टेबलही राखून ठेवलं.

आणि जहाज सुटेना. एका कंपनीच्या ग्रुपची बस एक्स्प्रेसवेवर अडकली होती. ग्रुप मोठा असला की जहाज थांबतं. एकटादुकटा उशिरा आला तर त्याला कुणी विचारत नाही. जहाज बंदरातून बाहेर काढणाऱ्या पायलटची वेळ पुढे गेली. साडेपाचला दोघं रेस्टॉरंटच्या दारात आले तेव्हा आम्ही अजून धक्क्यालाच होतो, आणि तेवढ्यात घोषणा झाली की आता सुटतोय.

काकू दारातच थांबल्या. "आता सुटणार व्हय?"

मी म्हटलं, "काकू, आधी जेवून घ्या. खिडकीतून दिसेल."

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. आमची ती बाजू डावी. जहाज दक्षिणेला निघालं की तिथून जवाहर द्वीपावरच्या तेलाच्या टाक्या दिसतात. गेटवे, ताज, कुलाबा सगळं उजवीकडे. डबा भरून देतो, वर बसून खा, असंही म्हणालो. वर डीजे लावलेला आणि तंदुरी कबाबची शेगडी. "तितं बसून कसं खायचं?" त्या म्हणाल्या. मग काकांना, "तुम्ही जेवा. औषध हाय तुमचं." आणि गेल्या.

काकांनी मान खाली घालून भराभर जेवण उरकलं. मी वाढत होतो. गडव्यातलं पाणी थरथरायला लागलं. जहाज सुटल्याचं मला फक्त त्यावरूनच कळतं. सुटताना मी कधी डेकवर नसतोच. सहाच्या आत पाणी पिऊन काका उठले आणि वर गेले. टगबोटी लावून जहाज वळवायला इतका वेळ गेला होता, की गेटवे त्यांनाही सापडला. जेवण झालं आणि गेटवेही पाहिला. ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवतात तिथून, खाली कुणी एक फोन केला असता, तर काकूंनाही दोन्ही जमलं असतं, असं मी धरून चाललो होतो.

सकाळी सूर्य वर आल्यावर दोघं नाश्त्याला आली. मी तेच म्हणालो, की काकू, गेटवे तर नंतर आला. त्या म्हणाल्या, "गेटवे मी शाळंच्या सहलीत बगितलाय की. मला सुटताना बगायचं हुतं." मग भाकरी मोडत सगळं सांगितलं: धक्क्यावरच्या माणसांनी खुंटीवरनं जनावराचं दावं काढावं तसे दोर काढले, ते पाण्यात पडले, वरून यंत्राने ओढले, आणि भिंत आणि जहाज यांच्यामध्ये गढूळ पाणी रुंद होत गेलं. "आवाजच न्हाई वो. कळतच न्हाई कवा हाललं ते." रात्रभर उपाशी राहिल्याचा विषय त्यांनी काढला नाही. काकांनीच काढला, आणि तोही माझ्याकडे बघून, जणू मीच बसवाल्याला उशीर करायला लावला होता.

ते ताट फेकावं लागलं. वाढलेलं अन्न स्टाफला खायची परवानगी नाही. वाया गेलेल्या अन्नाच्या नोंदीत कारणांचे पर्याय ठरलेले असतात: जास्त बनवलं, खराब झालं, तक्रार, पाहुणे आले नाहीत. मी शेवटच्यावर खूण केली. पाहुणी दारापर्यंत आली होती, पण त्याला रकाना नाही.

जैन ताटांची वेळ बदला म्हणून मी लिहून दिलं. उत्तर आलं की या विषयावर प्रवाशांची तक्रार नोंदलेली नाही. वेळ अजून साडेसहाच आहे.