अथणीकडची पडकी माळवदं

मातीचं घर टिकत नाही, असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. अथणी ओलांडून विजापूरच्या रस्त्याला लागा आणि गावठाणातली सोडून दिलेली माळवदं, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं, नीट बघा. जिल्हा एकच बेळगाव, पण खानापुरात पाऊस कोसळतो म्हणून तिथं उतरती कौलं; इकडं वर्षाकाठी जेमतेम ५००-६०० मिलिमीटर, म्हणून सपाट मातीची छतं. मधल्या वाटेवर ऊस आणि धूळ, बाकी काही नाही.

पडक्या घराजवळ गेलं की बांधणी उघडी दिसते. खाली दगडी जोतं, वर दोनेक फूट जाड भिंत. पांढऱ्या मातीत भुसकट घालून ती भिजवायची, कुजवायची, तुडवायची. भुसकट कमी पडलं तर वाळताना तडे जातात. नुसती काळी माती भिंतीला चालत नाही, पावसात फुगते आणि उन्हात फाटते. वर तुळया, त्यावर वासे, मग लाकडाच्या फळकुट्या आणि शेवटी पांढऱ्या मातीचा जाड थर, पन्हळीकडं किंचित उतार देऊन. अशा घरात दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. सिमेंटच्या स्लॅबखाली पंखा लावूनही तो गारवा मिळत नाही.

मग ही घरं पडतात ती कशामुळं? दरवर्षी मृगाच्या आधी छतावर नवी माती टाकून धुमसावी, म्हणजे ठोकून घट्ट करावी लागते. माणसं गाव सोडून गेली की तेवढंच थांबतं. पन्हळ तुंबते, पाणी साचतं, फळकुट्या कुजतात, आणि एका भोकातून पाणी थेट भिंतीच्या माथ्यावर उतरतं. म्हणून पडक्या भिंतीचा माथा आधी झिजतो, गुळाच्या ढेपेसारखा गोल होत जातो. कुणी सागवानी तुळया काढून विकल्या, तर पुढच्या काही पावसाळ्यांत खेळ खलास. कृष्णाकाठची गोष्ट वेगळी. ऑगस्ट २०१९ च्या पुरात पाणी तळाशी साचून राहिलं, ओल वर चढली आणि भिंती बुडापासून बसल्या.

सगळ्यात वाईट म्हणजे डागडुजी म्हणून मारलेला सिमेंटचा गिलावा. आतली ओल बाहेर पडत नाही, माती आतल्या आत सैल होते आणि गिलाव्याचा पापुद्रा मातीसकट सुटून येतो. शेणामातीचा सारवलेला जुना गिलावा मात्र शेजारीच शाबूत असतो. त्यात भुसकटाच्या काड्या दिसतात, बोटांचे फराटे दिसतात, देवळीत दिव्याची काजळीसुद्धा. मला या घरांचं वेड आहे ते एवढ्यासाठीच.

आत जायचं तर आधी शेजारी विचारा. कुलूप नसलं तरी घराला मालक असतो. खांब ठोकून बघा, पोकळ वाजला तर वाळवी लागलीय. तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथं ती आधी लागते. तिथून भुसा गळत असेल तर उंबऱ्यातूनच बघा.