कापूस घरात, पाच कार्डं मांडलेली

चोपडा, रविवार रात्र

दिवाळी उलटली की इकडे टॅरोपुढे (चित्रांच्या कार्डांवरून प्रश्नाचा अर्थ लावायची पद्धत) एकच प्रश्न येतो: कापूस घरात भरलाय, भाव वाढेल का? या प्रश्नावर स्प्रेड, म्हणजे कार्डांची मांडणी, मांडूच नये. बाजाराचा भाव ७८ कार्डांत सापडत नाही. प्रश्न फिरवून घ्यायचा: थांबायचं ठरवलं तर मला काय पेलावं लागेल?

त्याला पाच जागा पुरतात. मधे आजची परिस्थिती. डावीकडे, आत्ता विकला तर काय सुटतं. उजवीकडे, थांबलं तर काय सांभाळावं लागतं. वर, कशाच्या धाकाने निर्णय अडलाय. खाली, या आठवड्यात करायचं एक काम. हे सगळं कागदावर लिहून मगच कार्डं पिसायची, नाहीतर कार्ड बघून मन सोयीचा अर्थ लावतं. उलटी आलेली कार्डं वेगळ्या अर्थाने धरायची की नाही, तेही आधीच ठरवायचं. दोन जागांना एकच उत्तर चालत असेल तर एक खोडायची. ‘अडचण’ आणि ‘आव्हान’ अशा दोन जागा ठेवल्या की गोंधळ ठरलेला.

मांडल्यावर आधी पाचही कार्डांवर नजर फिरवावी. स्वोर्ड्स (तलवारींची कार्डं) जास्त असतील तर डोक्यातली ओढाताण मोठी. पैशाचा प्रश्न आणि पेंटॅकल्स (नाण्यांची कार्डं) एकही नाही? मग घोर बहुतेक दुसराच आहे. भाऊबंदकी, लेकीचं लग्न, काहीही. तसं सरळ विचारावं. डावं-उजवं कार्ड जोडीनेच वाचावं.

समजा उजवीकडे सेव्हन ऑफ पेंटॅकल्स आलं. पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेल्या १९०९ च्या डेकमध्ये अवजाराच्या दांड्यावर टेकून एक जण झुडपाकडे बघत उभा आहे. सहा नाणी झुडपावर, एक पायाशी. बरेच जण ‘धीर धर’ म्हणून मोकळे होतात. पण जागा विचारते काय सांभाळावं लागेल. पीक हाती आलंय, नजर हलत नाही, तोवर कापसाचं वजन घटतंय आणि उधारीचं व्याज चढतंय, असं ते तिथे वाचावं. हेच कार्ड वरच्या जागी आलं असतं तर वर्षभराच्या कष्टाचं मोल होणार नाही, ही धास्ती दिसते.

अर्थ लागला नाही की वरून आणखी एक कार्ड ओढायची खोड फार वाईट. दोन न उमगलेली कार्डं घेऊन बसावं लागतं. त्यापेक्षा त्या जागेचा प्रश्न मोठ्याने वाचावा आणि चित्रात दिसतंय तेवढ्यावर एका वाक्यात उत्तर द्यावं. नाहीच जमलं तर ती जागा सोडून बाकीच्या वाचाव्यात, मग तिच्याकडे यावं.