वाळुंजाची काडी आणि आमची वाटचाल

वाई तालुक्यात, कृष्णेला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी आमची अठरा गुंठ्यांची रोपवाटिका आहे. 2011 साली आम्ही दोघा भावांनी ती सुरू केली तेव्हा गुलाब, जास्वंद, आंब्याची कलमे आणि पावसाच्या तोंडावर शेवगा-लिंबाची रोपे एवढाच आमचा माल होता. आज वर्षाच्या उलाढालीतला मोठा वाटा विलो या ओढ्याकाठच्या झाडाच्या बोन्सायचा आहे, आणि तोही अशा ग्राहकांमुळे, जे आयुष्यातले पहिले बोन्साय घरी नेत असतात.

2013 च्या सुमारास पुण्या-मुंबईकडून बोन्सायची विचारणा वाढली, म्हणून आम्ही बाहेरून तयार झाडे आणून विकू लागलो. वड, फायकस (वडाच्याच कुळातली शोभेची झाडे), जेड अशी पाच-सात वर्षांची, उथळ कुंडीत बसवलेली देखणी झाडे तीन-चार हजारांना हातोहात जात. सहा महिन्यांनी त्याच ग्राहकांचे फोन येऊ लागले. कोणाचे झाड पाण्याअभावी वाळले होते, कोणाचे जास्त पाण्याने कुजले होते, आणि ज्यांचे जगले होते त्यांच्या झाडाचा आकार राहिला नव्हता, कारण एवढ्या किमतीच्या झाडाला कात्री लावण्याचे धाडसच त्यांना होत नव्हते. त्यांना आम्ही दोष देत नाही. जुन्या झाडाची एखादी फांदी चुकून कापली गेली तर ती जागा भरून यायला एक-दोन वर्षे जातात, आणि शिकणाऱ्याला एका चुकीसाठी तेवढे थांबवून ठेवणे म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला वर्षातून एकदाच विहिरीत उतरवण्यासारखे आहे. नवशिक्याला लवकर वाढणारे, छाटणी सोसणारे आणि चूक पोटात घालणारे झाड हवे, हे आम्हाला दिसत होते. असे झाड आमच्याच बांधापलीकडे उभे आहे, हे मात्र तीन वर्षे लक्षात आले नाही.

शेजारच्या शेतकऱ्याने ओढ्याची दरड ढासळू नये म्हणून वाळुंजाच्या मनगटाएवढ्या मेखा काठाने ठोकल्या होत्या. झाडाचे तोडलेले फाटे, ना मुळे, ना पाने. उन्हाळा सरायच्या आत त्या प्रत्येक मेखेला हातभर लांबीचे कोंब फुटलेले आम्ही पाहिले. वाळुंज हा आपला देशी विलो. रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला सॅलिक्स टेट्रास्पर्मा असे शास्त्रीय नाव दिले. सह्याद्रीतल्या ओढ्या-नद्यांच्या काठी तो सर्रास आढळतो. पान भाल्याच्या पात्यासारखे लांबट आणि मागच्या बाजूने फिकट, साल उभ्या खोल भेगांची. पावसाळा सरताना तो पाने गाळतो, नंतर नव्या पालवीबरोबर त्याला लोंबते तुरे येतात आणि बी कापसासारख्या तंतूंवर वाऱ्याने उडते. नर आणि मादी झाडे वेगळी असतात. वाळुंज हे आडनाव आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीचे आहे, पण त्या नावाचे झाड दाखवा म्हटले तर बहुतेक जण गोंधळतात. विलो हा शब्द आपल्याकडे पोहोचला तो क्रिकेटच्या समालोचनातून, आणि बॅटीचे लाकूड काश्मिरातून येते एवढीच त्याची ओळख राहिली.

त्या वर्षी शेतकऱ्याच्या परवानगीने आम्ही चाळीस फाटे आणून लावले आणि त्यातले सदतीस जगले. याच उत्साहात, झुकलेल्या फांद्यांचा विपिंग विलोही हवा म्हणून, एका लांबच्या नर्सरीकडून तीनशे रोपे मागवली. ही खरेदी आम्हाला चांगलीच महागात पडली. रोपे आली, फांद्याही खाली झुकलेल्या होत्या, पण पान चुरगाळल्यावर तेलकट सुगंध आला. ती झुकत्या फांद्यांच्या बॉटलब्रशची रोपे होती. पैसे परत मिळाले नाहीत. नंतर कळले की हा घोळ बाजारात नेहमीचा आहे. शिवाय विलोसारख्या अरुंद पानांचा एक फायकसही विलो म्हणूनच विकला जातो. म्हणून रोपवाटिकेत येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही आधी ओळख शिकवतो: पान चुरगाळून वास आला तर बॉटलब्रश, देठ तोडल्यावर पांढरा चीक आला तर फायकस, आणि वास किंवा चीक यांपैकी काही नसेल तरच पुढे विलोची चौकशी करावी. उत्तर भारतात ज्याला मजनू किंवा बेद-ए-मजनू म्हणतात तो खरा विपिंग विलो आम्हाला पुढे पाचगणीच्या एका जुन्या बागेतून काड्यांच्या रूपाने मिळाला. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने 1753 मध्ये त्याला बॅबिलोनचे नाव दिले, पण हे झाड मूळचे चीनचे. पाचगणी-महाबळेश्वरच्या हवेत ते आनंदाने वाढते. मुंबईच्या उष्ण, दमट हवेत ते वर्षभर थकलेले दिसते, म्हणून मुंबईकरांना आम्ही वाळुंजच घ्या असे सांगतो, मग विक्री थोडी कमी झाली तरी चालेल.

काडी रुजवण्याचे काम आम्ही हिवाळ्यात करतो. अंगठ्यापासून मनगटापर्यंत जाडीचा, साधारण फूटभर लांबीचा निरोगी फाटा निवडून खालचा छेद धारदार करवतीने साफ घ्यायचा, वरच्या छेदाला बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप, लावायची आणि फाटा अर्धा बुडेल एवढ्या पाण्यात बादलीत उभा करायचा. फाटा उलटा लावण्याची चूक पहिल्या वर्षी आमच्याकडूनही झाली, तेव्हापासून तोडतानाच वरच्या टोकाला खडूने खूण करतो. पाणी दर दोन दिवसांनी बदलावे लागते. दहा-बारा दिवसांत पाण्याखालच्या सालीवर उंचवटे दिसू लागतात, मग एके दिवशी सकाळी साल फोडून तांदळाच्या कणीएवढे पांढरे टोक बाहेर आलेले असते, आणि पुढच्या चार-पाच दिवसांत अशी टोके फाट्यावर सगळीकडे उमटतात. विलोच्या सालीखाली मुळांचे अंकुर आधीच तयार असतात, फक्त ओलाव्याची वाट पाहत असतात, म्हणून त्याला मुळे फुटवणारी पावडर लागत नाही. शिबिरात आलेल्या मुलांना आम्ही ती पांढरी टोके बोटाने हलकेच चाचपून पाहायला सांगतो. झाड जिवंत आहे म्हणजे काय, हे त्या स्पर्शाने जितके कळते तितके आमच्या बोलण्याने कळत नाही.

मुळे फुटलेला जाड फाटा हा अजून दांडकाच असतो. खालपासून वरपर्यंत जाडी सारखी, त्यामुळे नजरेला तो वृक्ष वाटत नाही. बुंधा रुंद आणि शेंडा निमुळता करण्यासाठी आम्ही फाटा जमिनीत लावतो, त्याच्याखाली चपटी फरशी ठेवतो, म्हणजे मुळे खोल न जाता चहूबाजूंनी पसरतात, आणि वरच्या कोंबांपैकी एकच ठेवून त्याला वर्षभर मोकाट वाढू देतो. पुढच्या हिवाळ्यात तो कोंब खालचे दोन-तीन डोळे, म्हणजे नवे कोंब फुटण्याच्या जागा, राखून कापायचा, वेगळ्या दिशेचा डोळा पुढे न्यायचा आणि हेच पुन्हा करायचे. प्रत्येक छाटणीत खोडाला एक वळण मिळते आणि जाडी एक पायरी उतरते. इतर झाडांना ज्यासाठी सात-आठ वर्षे द्यावी लागतात ते विलो तीन वर्षांत करून दाखवतो. मात्र मोठी जखम तो लवकर भरत नाही, ती आतून कुजते, म्हणून जाड फांदी कापण्याची वेळच येऊ नये अशा बेताने कोवळेपणीच निर्णय घ्यावा लागतो.

झुकत्या फांद्यांचा आकार, ज्याला जपानी लोक शिदारे म्हणतात, तो विपिंग विलोमध्ये आपोआप येईल अशी बहुतेकांची समजूत असते. कुंडीतल्या झाडाच्या काड्या हलक्या असतात, त्यांना स्वतःचे वजन नसते, म्हणून त्या खाली न येता तिरप्या वर जातात. तार बांधून त्यांना वळवावे लागते, आणि इथे नवशिके जवळजवळ हमखास एक चूक करतात: खोडापासूनच फांदी थेट खाली ओढतात. मग झाड कोमेजल्यासारखे दिसते. कारंज्याचे पाणी जसे आधी उसळते आणि मग कोसळते, तशी फांदी खोडापासून आधी वर न्यावी आणि कमान घेऊन खाली सोडावी. तार ॲल्युमिनियमची, फांदीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश, 45 अंशांच्या कोनात गुंडाळलेली असावी. विलोची फांदी इतक्या झपाट्याने फुगते की पावसाळ्यात सहा आठवड्यांत तार सालीत रुतते, म्हणून आम्ही तार बांधलेल्या प्रत्येक कुंडीला तारीख लिहिलेली चिठ्ठी लावतो. उन्हाळ्यात फांदी वळवण्याआधी तिला दोन दिवस पाणी भरपूर द्यावे असे काही जण सांगतात. आमचा अनुभव उलटा आहे, पाण्याने टम्म भरलेली काडी चटकन मोडते, किंचित मलूल झालेली सहज वळते.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर आमच्या हातून झालेले सर्वांत मोठे नुकसान सांगितले पाहिजे. 2016 च्या मे महिन्यात घरच्या लग्नासाठी आम्ही दोन दिवस बाहेरगावी गेलो, इकडे पाण्याची मोटर बंद पडली, आणि परत आलो तेव्हा छोट्या कुंड्यांतली साठ झाडे करपून गेली होती. वड असता तर पाने गाळून तगला असता. विलो कोरड तेवढी सोसत नाही. तेव्हापासून झारीने पाणी घालण्याबरोबरच एप्रिल-मे मध्ये आम्ही प्रत्येक कुंडी इंचभर पाण्याच्या ताटलीत ठेवतो. इतर बहुतेक झाडांची मुळे अशाने कुजतील, ओढ्याकाठच्या या झाडाला ते मानवते. शहरातल्या ग्राहकांची यावर रास्त शंका असते ती डासांची. त्यांना आम्ही ताटलीत काठोकाठ जाड वाळू भरून पाणी वाळूच्या पातळीखाली ठेवायला सांगतो, आणि नगरपालिका सांगतात तो आठवड्याचा कोरडा दिवस पाळून ताटली रिकामी करून घासायलाही सांगतो. कुंडीत माती आम्ही कमीच घालतो. दोन भाग चाळलेली विटेची खडी, एक भाग नदीची जाड वाळू आणि एक भाग पालापाचोळ्याचे खत, एवढे पुरते. जपानहून येणारी महाग अकादामा माती नवशिक्याला लागत नाही.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला, त्या पावसात आमचा ओढाही काठ सोडून वाहिला. शेडनेट गेले, शंभरएक कुंड्या वाहून गेल्या, आणि काठावरचा आमचा सर्वांत जुना वाळुंज मुळांसह आडवा झाला. पाणी ओसरल्यावर तो तोडून टाकायचा विचार होता, पण कामाच्या रगाड्यात ते राहून गेले. दिवाळीनंतर पाहिले तर आडव्या खोडाच्या वरच्या अंगाने रांगेत अकरा कोंब सरळ उभे राहिले होते, आणि खालच्या अंगाला, चिखलात रुतलेल्या सालीतून, नवी मुळे उतरली होती. बोन्सायमध्ये याच रूपाला इकादाबुकी, म्हणजे तराफ्यासारखी रचना, म्हणतात. आम्ही त्यापूर्वी ती केवळ छायाचित्रांत पाहिली होती. त्या हिवाळ्यात आम्ही लांब फाटे मुद्दाम आडवे लावले, खालच्या बाजूची साल दोन-दोन इंचांवर थोडी खरवडली आणि वरचे कोंब विषम संख्येत, कमी-जास्त अंतरावर ठेवले. एका काडीतून नदीकाठची राई उभी राहते, म्हणून आज आमच्याकडे सर्वाधिक मागणी याच रचनेला आहे. आडवा पडलेला तो वाळुंज अजून तसाच आहे आणि आमच्या बहुतेक काड्या आता त्याच्याच असतात.

तयार बोन्साय विकणे आम्ही 2018 मध्येच थांबवले. आता मुळे फुटलेली काडी 250 रुपयांना, जमिनीत एक वर्ष वाढवलेले झाड 900 रुपयांना आणि दोन वर्षांचे, खोडाला पहिले वळण दिलेले झाड 2,200 रुपयांना देतो, आणि सोबत वर्षातून दोन रविवार शिकवणे विनामूल्य असते. विलोचे दोष आम्ही विक्रीआधी सांगतो. त्याची पाने लांब असतात आणि छाटणीने फारशी लहान होत नाहीत, म्हणून वीतभर उंचीचे विलो बोन्साय शोभत नाही, दीड-दोन फूट उंची हवीच. त्याची मुळे एका वर्षात कुंडी भरून टाकतात, त्यामुळे दर हिवाळ्याच्या अखेरीस झाड बाहेर काढून मुळांची एक तृतीयांश छाटणी करावीच लागते. कोवळ्या शेंड्यांवर मावा ही कीड येते, त्यावर वेळीच निंबोळी अर्क फवारावा लागतो. आणि कधी कधी तो कारण न देता एखादी नीट वाढणारी फांदी सोडून देतो, ती वाळून जाते. कोल्हापूरच्या एका निवृत्त शिक्षिका अशी फांदी गेल्यावर रडवेल्या होऊन फोनवर बोलल्या होत्या. आम्ही त्यांना दोन महिने थांबायला सांगितले. त्याच जागी तीन कोंब आले, त्यातला कोणता ठेवायचा हे त्यांनी स्वतः ठरवले, आणि नंतर छायाचित्र पाठवून तो का ठेवला हेही सविस्तर लिहिले. ते पत्र आम्ही जपून ठेवले आहे.

या पौषात जमिनीतली चौतीस झाडे फरशीवरून उचलून पहिल्यांदा कुंडीत जातील. त्यातली नऊ विपिंग विलोची आहेत, बाकी सगळा वाळुंज. कुंड्या आम्ही जवळच्याच एका कुंभाराकडून करून घेतल्या आहेत, नेहमीच्या बोन्साय कुंडीपेक्षा दोन बोटे जास्त खोल, तळाला चार भोके, आणि आतून झिलई न दिलेल्या. दोन कुंड्या भाजताना तडकल्या, त्या बदलून मिळाल्या की काम सुरू होईल.